धोतऱ्यावरचं कलम

अमरावती

प्रिय वर्षाली,

तू फोन बंद करून अकोल्याला माहेरी बसली आहेस, तेव्हा तुझ्या आत्याला शेवटी पेन हाती घ्यावंच लागलं. अक्षर लागलं नाही तर तुझ्या बाबाकडून वाचून घे. लहानपणी माझ्या वह्या उतरवूनच तो पास झाला.

तिवशाला तुझ्या सासरी जेवणानंतर सगळे एकदम आजारी पडले, तू एकटी ठणठणीत राहिलीस, आणि त्यात तुझ्या मोबाइलवर माझं विषप्रयोगांच्या इतिहासावरचं व्याख्यान सापडलं. एवढ्यावरून तुझ्या सासूबाईंनी ठाण्यात तुझं नाव सांगितलं. मला राग आला, अजूनही आहे. पण जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईनं आधी लक्षणं बघावीत. तोंड कोरडं, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, आणि तुझे सासरे उत्तमराव दवाखान्यात हवेतले धागे वेचत होते. म्हणजे धोतरा. इंग्रजांच्या काळात वाटमारे प्रवाशांना जेवणातून हाच द्यायचे. बहुतेकदा मारायला नाही, लुटून होईपर्यंत भान घालवायला. सोमल, म्हणजे आर्सेनिक, पकडायला तेव्हाच काचेच्या नळीत काळी चकाकी उमटवायची युक्ती निघाली होती. धोतऱ्यासाठी मात्र सरकारी परीक्षक संशयित अर्क मांजराच्या डोळ्यात टाकायचे आणि बाहुली फुगते का बघायचे. मांजराचं मत कोणी विचारलेलं दिसत नाही.

मी सरळ तिवशाला गेले. तुझ्या सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, चहाही विचारला नाही, आणि त्या घरात तेव्हा मी तो घेतलाही नसता. परसात टमाट्याची एक ओळ हिरवीगार उभी होती, शेजारची सगळी मर रोगानं वाळलेली. तुझ्या नवऱ्यानं, रोहितनं, ती हौसेनं दाखवली. म्हणाला, "आत्या, मोबाइलवर पाहून कलम केलं. जंगली वांग्यावर करा म्हणे, ते नाही भेटलं, तं वावराच्या धुऱ्यावरचा धोतरा घेतला. मुळं पाहा कशी पक्की हायेत!" विकायच्या आधी घरी चव पाहावी म्हणून त्या ओळीचे पहिले टमाटे भाजीत गेले होते. धोतऱ्याचं विष मुख्यतः मुळात तयार होतं आणि रसाबरोबर वर चढतं. वर टमाटा आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी त्या टमाट्यांचा अर्क आम्लात आटवला, त्यात अल्कोहोलमधला पोटॅश टाकला, आणि बशीत धोतऱ्याच्या विषाचा सुरेख जांभळा रंग आला. माझ्या बशीला कोर्टात कोण विचारतो! पण ठाण्यानं फळं सरकारी प्रयोगशाळेत पाठवली, तिथंही तेच निघालं. तुझ्यावरची तक्रार मिटली, पोरी.

तू कशी वाचलीस हेही आता सगळ्यांना कळलं आहे. चातुर्मासात आवडीची वस्तू सोडायची, म्हणून तू टमाटे सोडले होतेस.

काल रोहित माझ्याकडे आला होता. खाली बघून म्हणाला, "आत्या, वर्षाली तुमचं आयकते. तिले समजवा. रविवारी मी न्यायले येतो." मी त्याला विचारलं, वर्षालीनं टमाटे सोडलेत हे तुला तेव्हा माहीत होतं का? म्हणाला, "माहीत होतं. मीच म्हटलं होतं तिले, टमाटे सोड." मग ठाण्यात का बोलला नाहीस? म्हणाला, "बाबा दवाखान्यात, माय रडून राहिली होती. माह्या तोंडून नाही निघालं."

तुला समजावते असं मी त्याला कबूल केलं, म्हणून हे लिहिते आहे. कलमाबद्दल त्याच्यावर राग धरू नकोस, ती अडाणी हौस होती. पण तू ठाण्याच्या बाकावर बसली होतीस, तुला सोडवणारी गोष्ट त्याला ठाऊक होती, आणि तो गप्प राहिला. हे मी त्याच्या तोंडून ऐकलं, तूही त्याच्याच तोंडून ऐक, मग काय ते ठरव. नाहीच जावंसं वाटलं तर अमरावतीची गाडी पकड. मागची खोली मी कालच झाडून ठेवली आहे.

तुझीच,
सिंधूआत्या