भावाचं बघतो

अण्णा, आपल्या त्या गेमचा तिसरा भाग आला, खेळून झाला, आणि त्या भावाचं पुढे काय झालं ते त्यात नाही. मेला म्हणत नाहीत, जगला म्हणत नाहीत. तुम्ही असतात तर कॉम्प्युटरला लाथ घातली असतीत आणि या वेळी मी तुम्हाला अडवलं नसतं.

पहिल्या वेळी अडवलं होतं. श्रीगोंद्याच्या त्या सायबर कॅफेत मी डिप्लोमाचा तास बुडवून हाच गेम खेळत बसलो होतो. तुम्ही साखर कारखान्याच्या गेटवरून वॉचमनच्या वर्दीतच आलात, कॉलर धरून मला खुर्चीसकट मागे ओढलंत आणि अशी कानाखाली दिलीत की संध्याकाळपर्यंत कान वाजत होता. मालक मध्ये पडला तर त्यालाही भिंतीवर ढकललात. मग कॉम्प्युटरवर पाय उगारलात, तेव्हा मी तुमच्या कमरेला मिठी मारली. पडद्यावर माझा योद्धा जागच्या जागी उभा होता आणि दोन लांडगे त्याचे लचके तोडत होते. ते बघून तुमचा पाय खाली आला. रस्त्यावर आल्यावर तुम्ही विचारलंत, "ते फाडून खात्यात अन् ह्यो नुसता उबा का?" मी म्हणालो, मी बटण दाबल्याशिवाय तो हात उचलत नाही. त्यावर दुसरी बसली, पण जरा हलकी.

तुमचा हात तालमीतला. गावात तुमच्याविषयी दोन गोष्टी सांगत. एक मोठ्याने, की तुम्हाला बरोबरीत सोडवलेली कुस्ती सहन व्हायची नाही. पंचांनी हात वर केले तरी तुम्ही आखाड्यात ठाण मांडून बसायचात, कुस्ती निकालीच पाहिजे म्हणून. दुसरी गोष्ट दबक्या आवाजात, आणि ती मला कुणी सांगायची गरज नव्हती, कारण मी तिथे कळशी घेऊन उभा होतो. बांध कुणी कोरला यावरून तुमची आणि नानांची जुंपली. नाना म्हणजे तुमचा पाठचा भाऊ, एका ताटात जेवलेला, एकाच मातीत लोळलेला. त्यांनी तुमचा सदरा धरला आणि तुम्ही हातातलं खोरं त्यांच्या डोक्यात घातलंत. नारळ फुटावा तसा आवाज झाला. नाना कांद्याच्या वाफ्यात पडले, पाटाचं पाणी लाल होत पुढच्या वाफ्यात गेलं, आणि तुम्ही दुसऱ्यांदा खोरं उचललंत. आई आडवी पडली म्हणून ते खाली आलं नाही. नाना वाचले. गावकऱ्यांनी मध्ये पडून प्रकरण मिटवलं, म्हणजे बरोबरीतच सोडवलं. नाना आपल्या वाटणीचं रान सोडून सोनईकडे सासुरवाडीला निघून गेले. त्यानंतर घरात त्यांचं नाव निघालं की तुम्ही ताट भिरकावून द्यायचात. वरणाचे डाग भिंतीवर कितीतरी दिवस होते.

मग उसाच्या ट्रॉलीखाली तुमचा गुडघा गेला आणि तुम्ही खाटेला खिळलात. समोरच्या टेबलावर माझा जुना, दुसऱ्याकडून घेतलेला कॉम्प्युटर. बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तुम्ही बघायला लागलात. हा कोण, तो कोणाचा, याने त्याला का मारलं. मी सांगत गेलो. एका राज्यातले दोन भाऊ. धाकटा रागाने शत्रूला जाऊन मिळतो, किल्ल्याचा दरवाजा आतून उघडतो, आणि पहिला भाग संपता संपता सगळं राज्य जळतं. थोरला म्हणजे आपण. दुसऱ्या भागात तर तुम्ही खाटेवरून हुकूम सोडायला लागलात. पट काढ त्याचा. मागून घे. उडव मुंडकं. राक्षसांची पोटं फाडून पडदा लालेलाल झाला की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. आई म्हणायची, बापलेक सकाळपासून मढी पाडत बसलेत. अण्णा, तुम्ही माझ्याबरोबर हसलात ते त्याच दिवसांत. मला ते फार आवडलं होतं, आणि तेव्हा सांगायची हिंमत नव्हती.

शेवटी जळत्या पुलावर दोघे भाऊ समोरासमोर येतात. धाकट्याची तलवार नदीत पडते, तो गुडघ्यावर येतो आणि पडद्यावर दोन शब्द उमटतात. मी मराठी करून सांगितलं, मार किंवा सोड. तुमच्याकडे वळून बघितलं. "मार," तुम्ही म्हणालात. मी बटण दाबलं. डोकं घरंगळत पुलाच्या कडेला गेलं. या वेळी मांडीवर थाप पडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीतला चहा निवत होता आणि तुम्ही भिंतीकडे बघत बोललात. "ते मागं जाता येतं म्हनतोस ना? पुलाच्या आदी?" मी म्हणालो, येतं, तिथपर्यंतचा खेळ साठवून ठेवलाय. "मंग जा मागं. सोड त्याला."

मी सोडला. तो लंगडत पुलापलीकडे गेला, वळला आणि काहीतरी बोलला. तुमच्याचसाठी मी त्याचं मराठी केलं, 'आपला निकाल अजून लागायचाय.' तो जंगलात शिरला आणि दुसरा भाग संपला. पुढे तुम्ही काठी टेकत चालायला लागलात, मी नोकरीला लागलो, पण फोनवर तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, फुडचा आला का. तो यायच्या आधी तुम्ही गेलात.

दहाव्याला भीमेच्या काठी पिंड मांडला आणि कावळा शिवेना. बाभळीवर बसलेत, बघतायत, खाली येत नाहीत. आत्या म्हणाली, वहिनीला अंतर देणार नाही. मामा म्हणाले, रान विकू देणार नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. तुमचा जीव कशात अडकलाय ते मला ठाऊक होतं. मी हात जोडले, आणि मनातल्या मनात म्हणायचं ते तोंडातून मोठ्याने निघालं, "अण्णा, भावाचं मी बघतो." कावळा झपकन उतरला आणि पिंड फोडला. बायका हंबरडा फोडून रडल्या. मी मागे बघतो तर सगळ्यांच्या पाठीमागे, तोंडावर टॉवेल दाबून, नाना उभे. ते आलेत हेही मला माहीत नव्हतं. मी गर्दीतून पोचेपर्यंत ते निघून गेले होते. आई म्हणाली, शब्द दिलास, आता मोडू नको. कोणत्या भावाचं म्हणालो होतो हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

मग इतक्या वर्षांनी हा तिसरा भाग. रजा काढून बसलो. पूल दुरुस्त केलाय. त्यावरून बैलगाड्या जातात. धाकट्याची तलवार बाजारात एका दुकानात टांगलेली आहे, इतर भंगारासारखी. कुणी त्याचं नाव घेत नाही. मी चिडून पुन्हा दुसरा भाग उघडला, पुलावर त्याचं डोकं उडवलं आणि तो खेळ घेऊन तिसऱ्यात शिरलो. तोच पूल, त्याच बैलगाड्या. मारला काय आणि सोडला काय, गेमवाल्यांच्या लेखी सारखंच. अण्णा, माझ्या डोक्यात रक्त चढलं. कीबोर्ड उचलून टेबलावर आपटला, पुन्हा आपटला, बटणं खोलीभर उडाली. तुमची ती सकाळ, तो निवलेला चहा, तुम्ही आयुष्यात एकदा घेतलेली माघार, आणि या लोकांना त्याची खबरही नाही. बायको दारात आली, माझ्या हाताकडे बघून दोन पावलं मागे सरली. आईही तुमच्यापुढून तशीच सरायची.

त्याच आठवड्यात मी सोनईला गेलो. नाना ओट्यावर बसले होते. कपाळाच्या वर खोऱ्याची खोक अजून आहे, बोट बसेल एवढी. मला बघून म्हणाले, "लई उशीर केलास. शब्द दिल्ता ना?" माझ्याकडे देण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी त्यांना गेम सांगितला. दोघे भाऊ, दरवाजा, पूल. तुम्ही मार म्हणालात तेही सांगितलं, लपवलं नाही. मग सकाळचं सांगितलं. नानांचा हात हळूहळू खोकेवर गेला आणि तिथेच राहिला.

"आन्ना म्हनला असं? मागं जा म्हनून?"

मी मान हलवली. काकूने चहा आणून ठेवला, तो दोघांनीही उचलला नाही. नानांनी तुमच्याच आवाजात विचारलं, "मंग फुडं? आला का त्यो परत?"

हे लिहिलेलं नेटवर कुठे टाकायचं नाही, माझ्याजवळच राहील, म्हणून लिहितो. गेमवाल्यांना मी इतक्या शिव्या घातल्या, पण नानांना खरं सांगवलं नाही. मी म्हणालो, आला की नाना. थोरला दारातच उभा होता.