नॉर्डाल, रॅमहॉर्न आणि व्हॉनचा डोळा

मी, अर्डिथ मे टॉलमन, दिवंगत व्हॉन टॉलमन यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार ॲस्पन फोर्क, लिंकन काउंटी, वायोमिंग, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून, डोके ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र करीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालायला आजवर जे आले त्यांचे काय झाले हे खोऱ्यात सर्वांना ठाऊक आहे. फुफ्फुसांचा फोटो पाहून डॉक्टर जे बोलले ते मला समजले आहे. वकीलबाई मिस हॅल्वर्सन यांनी मला राग बाजूला ठेवून लिहायला सांगितले. तसे लिहून पाहिले. अर्धे पानसुद्धा भरले नाही.

कलम १. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतले एक मी काउंटीच्या तुरुंगात केले होते. ते कोणाला सापडलेच तर वाचू नये, जाळावे.

कलम २. राहते घर, त्यामागची जमीन आणि रस्त्यावरचे दुकान मी माझी एकुलती एक मुलगी तमरा हिला देत आहे. दुकानाला अट आहे. तेथे कोणत्याही कंपनीची नवी स्लेड विकायची नाही. बर्फात चालणाऱ्या या गाड्यांची दुरुस्ती तेवढी करायची, आणि दारात येईल ती करायची, रंग न पाहता. व्हॉन गेल्यापासून मी तेच करीत आले.

ही अट का, ते येथेच लिहिते, म्हणजे तमराच्या मुलांना पुढे कोणाला विचारावे लागणार नाही. आधी रस्त्यावर एकच दुकान होते, समोरचे, आणि ते दोघांचे होते, माझा नवरा व्हॉन आणि माझा धाकटा भाऊ डेल्मर हॉकन्सन यांचे. दोघे नॉर्डाल विकत. केशरी रंगाची, हलकी, नाकाडाने आखूड स्लेड. एका हिवाळ्यात व्हॉन कोणाची तरी काळी रॅमहॉर्न घेऊन गावावरच्या डोंगरातल्या खोलगट उतारावर, टिन कप बेसिनवर, गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता तसा होता. म्हणाला, "अर्डी, ती चढत नाही गं, ती डोंगर खाली ओढते." वसंतापर्यंत त्याने भागीदारी मोडली आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःचे हे दुकान काढून त्यावर रॅमहॉर्नची पाटी लावली.

आमच्या खोऱ्यात एखाद्याने चर्च बदलले तर लोक चार दिवस बोलतात. स्लेड बदलली तर जेवायला बोलावणे बंद होते. नॉर्डालवाले एका पंपावर पेट्रोल भरू लागले, रॅमहॉर्नवाले दुसऱ्या. बारमध्ये मधले टेबल रिकामे राही. त्या टेबलावर बसायला गेलेला एक परगावचा पाहुणा दोन्ही बाजूंनी मार खाऊन गेला. तो तर नुसता मासे धरायला आलेला होता.

कलम ३. माझी अवजारे, क्लच ओढायच्या सांडशीपासून वेल्डिंगच्या यंत्रापर्यंत, तमरालाच. बर्फ ढकलायचे पाते लावलेला जुना ट्रकसुद्धा. त्या पात्याला डाव्या कोपऱ्यात पोचा आहे. तो ठोकून सरळ करू नये.

तो पोचा डेल्मरच्या काचेचा आहे. मार्चमधल्या डोंगरचढाईच्या शर्यतीत दोघे शेवटपर्यंत उरले. डेल्मर आधी गेला. त्याने झाडांच्या वरच्या खडकापाशी अशी वळणे घेतली की पाहणाऱ्यांनी श्वास रोखला. पण अगदी माथ्याखाली नॉर्डालचा दम संपला आणि ती उलटून त्याच्या अंगावरून गडगडत खाली आली. मग व्हॉन गेला. त्याला वळणे घेता येत नव्हती. तो सरळ गेला आणि वर पोचला. खाली येऊन त्याने गॉगल काढला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "डेल, पुढच्या वर्षी तुझ्या बायकोचं शिवणयंत्र आण. ते तरी वरपर्यंत जाईल."

डेल्मरच्या हातात त्याच्या स्लेडच्या मोडक्या स्कीचा, म्हणजे पुढच्या घसरपट्टीचा, तुकडा होता. त्याखाली लोखंडी धार असते. त्याने ती आडवी फिरवली. व्हॉन खाली बसला तेव्हा त्याच्या हातमोज्यात रक्त होते आणि डावा डोळा नव्हता. दहा-बाराजणांनी डेल्मरला पाडले, दुसऱ्या दहा-बाराजणांनी त्यांना पाडले, आणि रुग्णवाहिकेला वाट मिळेपर्यंत बर्फ गुलाबी झाला होता.

शेरिफ दवाखान्यात आला. व्हॉनने तक्रार दिली नाही. म्हणाला, "माझा मेव्हणा आहे. माझं मी बघून घेईन." मी म्हटले, "तू कशानं बघणार आहेस?" आणि किल्ल्या घेतल्या. सकाळी, दुकान नुकतेच उघडले असताना, मी ट्रकचे पाते खाली सोडले आणि डेल्मरच्या दुकानाच्या काचेतून आत गेले. रांगेत उभ्या केलेल्या सगळ्या नव्या केशरी स्लेड मी मागच्या भिंतीपर्यंत ढकलत नेल्या. प्लास्टिक तडकताना हाडांसारखा आवाज येतो. डेल्मर पाना उगारून धावत आला. मी ट्रकचे दार त्याच्या खांद्यावर उघडले आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. तो पडल्या पडल्या म्हणाला, "तू माझी सख्खी बहीण आहेस." मी म्हटले, "म्हणून दार उघडलं. नाहीतर पातं उचललं असतं."

यासाठी मी तुरुंगात हिवाळ्याचा राहिलेला भाग काढला. तेथले जेवण वाईट होते. बाकी मला काही म्हणायचे नाही.

कलम ४. शेडमध्ये ताडपत्रीखाली एक स्लेड आहे. ती तमराला. तमरा, ताडपत्री काढताना शेजारी कोणी नाही ना ते बघ. ती नॉर्डाल आहे.

मी ती तुझे वडील गेल्यानंतर आयडाहोतून आणली आणि पहाटे एकटीच चालवत असे. दोन्ही कंपन्यांची यंत्रे मी आयुष्यभर उघडली आहेत, म्हणून माझे मत येथे नोंदवून ठेवते. ताकदीत रॅमहॉर्न वरचढ. ओला, जड बर्फ असो की मांडीभर भुसभुशीत, तिचा लांब पट्टा पकड सोडत नाही, आणि समोर नुसता चढ असेल तर तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती हट्टी आहे. उताराला आडवे जायचे म्हटले की खांदे निखळतात. नॉर्डालला नुसते मनात आणले तरी ती वळते. उतारावर एका कडेवर उभी राहून झाडांमधून अशी निघते की खाली पाय टेकवावा लागत नाही. तू चालवतेस ती तिसऱ्या कंपनीची पांढरी हॅलस्टेड दोन्हींचे थोडे थोडे करते, म्हणून तिच्यावरून कोणी कोणाचे दात पाडत नाही.

तुझ्या वडिलांना हे मी कधी बोलले नाही. ते जिवंत असते तर ही नॉर्डाल त्यांनी माझ्यासकट जाळली असती.

कलम ५. व्हॉनची शेवटची रॅमहॉर्न, जी उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर बेसिनच्या तळाशी सापडली, ती चेपून भंगारात द्यावी. बारच्या मालकाने ती छताला टांगायला तीनदा मागितली आहे. चौथ्यांदा मागितली तर ट्रक तमराकडे आहेच.

कलम ६. व्हॉनचा काचेचा डोळा माझ्या कपाटात, लोकरी मोज्यात आहे. तो माझ्याबरोबर जमिनीत पुरून टाकावा.

कलम ७. माझा भाऊ डेल्मर हॉकन्सन याला मी काहीही देत नाही. हे विसरून राहिलेले नाही, समजून केलेले आहे.

कारण असे. डोळा गेल्यानंतरही व्हॉन आणि डेल्मर दर हिवाळ्यात एकमेकांना सापडत आणि मारत. पंपावर, पोस्टाबाहेर, एकदा तर कोणाच्या तरी मयताच्या जेवणात, बटाट्यांच्या पातेल्यावरून. एका डोळ्याला अंतर कळत नाही. व्हॉनला ते कबूल नव्हते. नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो बेसिनवर गेला तेव्हा डेल्मर आणि त्याचे लोक तेथे आधीच होते. उतारावर सगळ्यांत वर एका नॉर्डालच्या पट्ट्याची खूण उमटलेली होती, आणि ज्याची खूण सर्वांत वर तो जिंकला, असा तेथला खेळ आहे. आदल्या रात्री वारा सुटला होता आणि माथ्याखाली बर्फाची गादी साचली होती. लोकांनी त्याला हात करून थांबवले. तो त्या खुणेच्या वर चढला आणि सगळा उतार त्याच्याखालून सुटला.

बाकीचे पळाले. डेल्मरने काय केले ते त्यांतल्या दोघांनी मला सांगितले. त्याने आधी आपली स्लेड चालू केली आणि लांब नेली. मग मागे आला आणि खणू लागला. म्हणजे माझा नवरा बर्फाखाली असताना माझ्या भावाला आपले यंत्र आठवले. नंतर खालची वाट कोसळलेल्या बर्फाने बंद होती म्हणून त्याने व्हॉनला पुढ्यात आडवा घेऊन कड्याच्या अंगाने, जेथे रॅमहॉर्न कधीच टिकली नसती तेथून, खाली आणला. मी गाड्या लावायच्या जागेवर उभी होते. मी व्हॉनच्या तोंडाला हात लावला आणि मग ट्रकमधले फावडे घेतले. पहिला फटका डेल्मरच्या तोंडावर, बाकीचे बरगड्यांवर. तो हात वर न करता उभा राहिला. तमराने मला मागून कवळले. "आई, बाबांना आधी घरी नेऊ," ती म्हणाली, म्हणून मी थांबले. त्यानंतर डेल्मर आणि मी एका छताखाली बसलो नाही.

कलम ८. वरील मजकूर टाइप होऊन आल्यावर जे घडले ते मी स्वतःच्या हाताने खाली जोडत आहे. मिस हॅल्वर्सन म्हणतात, याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदार असा हवा की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मी म्हटले, काही मिळणार नाही असे ज्याला लेखी दिले आहे असा माणूस खोऱ्यात एकच आहे, त्याला बोलवा. तो येईल असे मला वाटले नव्हते. तो टोपी हातात घेऊन आला, मी सांगितले तेथे बसला, आणि मी त्याला अक्षरन् अक्षर वाचायला लावले. साक्षीदाराने वाचायची गरज नसते. मला तो वाचताना बघायचा होता.

चौथ्या कलमावर तो थांबला. "तू नॉर्डाल घेतलीस?"

"पुढे वाच."

"आयडाहोतून? माझं दुकान रस्त्यापलीकडे आहे, अर्डी."

"तुझं दुकान मला आतून माहीत आहे. पुढे वाच."

सातवे कलम त्याने दोनदा वाचले. मग कागद टेबलावर ठेवला. मी म्हटले, "यात काही खोटं असेल तर आत्ता बोल. नंतर मी ऐकायला नसेन."

तो म्हणाला, "स्लेड लांब नेली हे खरं आहे. वरून आणखी सुटत होतं. ती गाडली गेली असती तर व्हॉनला खाली कशावरून आणला असता? पाठीवरून?"

"हे नऊ वर्षं तुझ्या तोंडात होतं?"

"तू फावडं घेऊन उभी होतीस. आणि नंतर विचारलं कुठे?"

मग मी ते विचारले जे मला कोणालाच विचारता आले नव्हते. "तू पोचलास तेव्हा तो गेलेला होता का?"

डेल्मरने उजवा हात टेबलावर उताणा ठेवला. मधल्या दोन बोटांच्या मुळाशी जुने, पांढरे वण होते. तो म्हणाला, "तोंडात बर्फ कोंदला होता. तो काढायला हातमोजा काढून बोटं घातली. त्यानं डोळा उघडला, मला बघितलं, आणि चावला. हाडापर्यंत. मी म्हटलं, सोड रे मूर्खा, श्वास घे. तो सोडेना. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलो आणि तो चावत राहिला. मग जबडा सैल झाला."

मिस हॅल्वर्सन खिडकीकडे गेल्या.

मी चष्मा लावून तो हात जवळ ओढला. वणांची रांग होती, वर आणि खाली. वरच्या रांगेत एका दाताची जागा कोरी होती. तो दात बटाट्यांच्या पातेल्यावरून डेल्मरनेच पाडला होता. तो कोणत्या बाजूचा ते मला सांगावे लागत नाही, सदतीस वर्षे मी त्या तोंडासमोर बसून जेवले.

इतकी वर्षे मी समजत होते की व्हॉन अंधारात, एकटा, हात हलवता न येता गेला. तो उजेडात गेला, दातांत शत्रू धरून. त्याला निवडायला सांगितले असते तर त्याने याहून वेगळे काही मागितले नसते.

मी वकीलबाईंना विचारले, आता याला काही द्यायचे असेल तर? त्या म्हणाल्या, मग साक्षीला दुसरा माणूस शोधावा लागेल. मी डेल्मरकडे पाहिले.

"मला काही नको," तो म्हणाला. "पेन दे. आणि चौथ्या कलमात ताकदीत रॅमहॉर्न वरचढ असं लिहिलं आहेस, ते खोड."

"खोडणार नाही."

"मग सही करतो, पण ते मला मान्य नाही असं बाजूला लिही."

ते त्याने स्वतःच लिहिले आहे, समासात. दुसऱ्या साक्षीसाठी डाक घेऊन आलेल्या रूबेन ओर्टिझला आत बोलावून घेतले.

वरील सर्व कलमे मी वाचली, ती माझी आहेत, आणि आम्ही तिघांनी एकमेकांच्या डोळ्यांदेखत खाली सह्या केल्या आहेत.

मृत्युपत्र करणार: अर्डिथ मे टॉलमन (सही)

साक्षीदार:
१. डेल्मर हॉकन्सन, ॲस्पन फोर्क (सही, उजव्या हाताने)
२. रूबेन ओर्टिझ, पोस्टमन, ॲस्पन फोर्क (सही)

स्थळ: ॲस्पन फोर्क, वायोमिंग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९