पिवळीत खोट शोधताना

३ फेब्रुवारी, मंगळवार

झालं! माझ्याच गळ्यात पडलं.

बचाव पथकासाठी नवी स्नोमोबाईल घ्यायची. तीन गाड्या चालवून बघायच्या आणि त्यातली कुठली ते मी सांगायचं. मीटिंगमध्ये हेल्गे उभा राहिला. अध्यक्ष असला की माणूस उगाच खाकरतो. म्हणाला, "तोरबोर्गने सव्वीस हिवाळे स्नोमोबाईलवरून टपाल वाटलंय. शिवाय ती निःपक्षपाती आहे."

मी निःपक्षपाती! टाळ्यासुद्धा वाजवल्या मेल्यांनी. तिघींतली एक गाडी राग्नवाल्डच्या दुकानातली आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. राग्नवाल्ड माझा नवरा होता हेही. अकरा वर्षांपूर्वी मरिटकडे केस कापून घ्यायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर कापण्यासारखे मोजून चाळीस केस होते!

नाहीच म्हणणार होते. पण समोर ओलोफ बसला होता. गेल्या मार्चमध्ये तो गोठलेल्या तळ्यावर अडीच तास पडून होता, कारण पथकाची जुनी गाडी सुरूच होईना. जीव वाचला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. नुसता कॉफी पीत होता, उरलेल्या बोटांनी कप धरून.

हो म्हटलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तिन्ही अंगणात उभ्या. काळी: अरुंद, नाक वर, बघताक्षणी भांडखोर. हेल्गेला हीच हवीये, त्याने कुठेतरी तिचा फोटो बघितलाय. हिरवी: खाली रुंद पट्टा, रुंद सीट, सगळंच रुंद. आणि पिवळी.

पिवळी राग्नवाल्ड स्वतः घेऊन आला.

"कशी आहेस?"

"गाडीचं बोल."

"गाडी एक नंबर."

"ते मी ठरवणार."

"म्हणून तर आधी सांगून ठेवतोय."

वजन वाढलंय त्याचं. बरं वाटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

उणे एकतीस. तिन्ही रात्रभर उघड्यावर ठेवल्या होत्या. सकाळी सात वाजता एकेकीला किल्ली मारली.

काळी नवव्यांदा सुरू झाली, तीही उपकार केल्यासारखी. हिरवी तिसऱ्यांदा, खोकत-खाकरत. पिवळी पहिल्याच किल्लीला! बंद केली, अर्धा तास थांबले, परत मारली. पहिल्याच किल्लीला. बॉनेट उघडून आत बर्फ भरावा असं एक क्षण मनात आलं. भरला नाही. पण आलं.

वहीत लिहिलं: "पिवळी. सुरू होते."

८ फेब्रुवारी, रविवार

आज जंगलातली वाट. वळणंच वळणं, मध्ये ओढ्याचा चढ.

काळी बाणासारखी जाते, आणि बाणासारखीच वळत नाही. दुसऱ्या वळणावर मी एका सूचिपर्णी झाडाच्या पोटात होते. फांदीवरचा सगळा बर्फ मानेतून आत, थेट कमरेपर्यंत. हिरवी वळते, पण तिच्याकडे आधी अर्ज करावा लागतो. पुढचं वळण आलं की मागच्याचा निकाल लागतो. मात्र खोल बर्फात ती बुडत नाही, हे खरं.

पिवळीवर बसले. नुसतं खांदा कलवायचा की ती वळलेली! चढावर हूं की चूं नाही. वाट जिथे खडबडीत आहे तिथे तर माझी पाठ मला धन्यवाद देत होती. पूर्ण फेरी झाली, आणि मी — इथे कोण वाचतंय! — मी अजून एक फेरी मारली. गरज नसताना. गाणं म्हणत.

वहीत: "पिवळी. हँडल जरा जास्तच हलकं."

९ फेब्रुवारी

पाठ! काळीची मेहेरबानी. दिवसभर सॉनाची वाफ आणि पलंग.

११ फेब्रुवारी, बुधवार

हेल्गे वही बघायला आला. कॉफी ठेवली, त्यात इकडच्या रीतीप्रमाणे चीजचे तुकडे टाकून दिले, म्हणजे तोंड भरलेलं राहील. नाही राहिलं. मोठ्याने वाचायला लागला:

"'पिवळी. सीट फार मऊ, चालकाला झोप लागण्याची शक्यता.' ... 'पिवळी. हँडल गरम होतात, हातमोजे घालायची सवय मोडेल.' ... 'पिवळी. आवाज कमी, त्यामुळे वाटेतल्या हरणांना ती येतेय हे कळणार नाही.'" चष्मा काढला. "तोरबोर्ग, हे दोष आहेत की जाहिरात?"

"निरीक्षणं आहेत."

"आणि काळीचे दोष कुठायत?"

"अहो अध्यक्ष, काळीच्या दोषांना वही पुरली नाही."

रुसून गेला. जाताना चीजचा डबा मात्र घेऊन गेला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज रुग्णाची परीक्षा. मागे स्ट्रेचरची घसरगाडी जोडायची, त्यावर माणूस झोपवायचा, आणि बघायचं की तो पोचतो कसा. रुग्ण व्हायला हेल्गे तयार झाला. हातात कॉफीचा भरलेला कप. ही कल्पना त्याचीच, "शास्त्रीय मोजमाप" म्हणे. ओलोफ घड्याळ घेऊन तळ्याकाठच्या धक्क्यावर उभा.

हिरवी: अर्धा कप उरला. वेळ फार लागला. हेल्गेला मध्ये डुलकी लागली.

पिवळी: पाऊण कप! हेल्गे मान हलवत म्हणाला, "पलंगावर असल्यासारखं वाटलं." मी ऐकलं न ऐकलं केलं.

काळी: मी हलकेच रेस दिली. खरंच हलकेच! मागे वळून बघते तर घसरगाडी आहे, कप आहे, हेल्गे नाही. शंभर मीटर मागे, पट्टे तुटून, बर्फात पाय वर. धावत गेले. दाढीत कॉफी गोठायला लागली होती. पडल्या पडल्या म्हणतो, "पण ताकद बघितलीस?"

ओलोफ इतका हसला की घड्याळ बंद करायला विसरला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज क्रीम भरलेले बन खायचा सण. दुकानात रांग. रांगेत पुढे मरिट. मागे वळली, "हाय, तोरबोर्ग," म्हणाली. मी लगेच साबणाच्या कपाटाकडे वळले. अकरा वर्षं असंच चाललंय. गावात दुकान एकच. मग करायचं काय? घरी साबणाच्या एकोणीस वड्या आहेत. परत येईपर्यंत बन संपले होते.

१९ फेब्रुवारी

तळ्यावर वरून पांढरंशुभ्र, आणि बर्फाखाली गुडघाभर पाणी. काळी त्यात बसली ती बसलीच. चार किलोमीटर चालत आले. पायमोजे गोठून आपोआप उभे राहतात!

२१ फेब्रुवारी, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

साडेअकराला हेल्गेचा फोन. तळ्यापलीकडच्या उतारावर कुणी बाई स्कीवरून पडलीये, पाय मोडलाय, ॲम्ब्युलन्स नव्वद किलोमीटरवर, आणि हेलिकॉप्टर धुक्यामुळे उडत नाही. ओलोफला घेऊन निघ. मी बाहेर आले. उणे तेहतीस. तिन्ही गाड्या समोर, काळीही काल ओढून आणलेली. विचारबिचार काही केला नाही, हात सरळ पिवळीच्या किल्लीवर गेला. पहिल्या फटक्यात सुरू.

निघता निघता हेल्गे फोनवर म्हणाला, "आणि तोरबोर्ग... ती मरिट आहे."

ओलोफ तोवर घसरगाडी जोडून मागे बसला होता, त्यानेही ऐकलं असणार. त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन बोटांचा.

तळ्याच्या कडेकडेने गेले. पाणी कुठे आहे ते आता मला पाठ. वीस मिनिटांत पोचलो. ती एका झाडाला टेकून बसली होती, ओठ निळे. मला बघून म्हणाली, "अरे देवा. तू?"

"दुसरं कुणी रिकामं नव्हतं."

हसली, आणि लगेच किंचाळली. पाय नको तिकडे वळला होता. ओलोफने स्कीच्या काठ्या लावून तो बांधला. दोघांनी मिळून तिला घसरगाडीवर घेतलं, तीन घोंगड्यांत गुंडाळलं.

परत येताना अर्ध्या वाटेवर थांबले. घोंगडी बघायला. तिचे डोळे मिटायला लागले होते, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"ए, झोपायचं नाही! बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. राग्नवाल्ड अजून घोरतो?"

"घोरतो. आणि झोपेत गिऱ्हाइकांशी बोलतो."

"माझ्या वेळी नुसता घोरायचा."

"तोरबोर्ग, एक विचारू? एवढ्या साबणाचं तू करतेस तरी काय?"

मला हसू फुटलं. तिलाही. "हसू नकोस गं, पाय हलेल," मी म्हटलं, आणि मीच हसत सुटले. तळ्याच्या काठावर, त्या थंडीत, दोघी. ओलोफ म्हणाला, "बायांनो, ॲम्ब्युलन्स येऊन उभी असेल."

खरोखरच उभी होती. राग्नवाल्डही आला होता. धावत आला, आणि स्ट्रेचरच्या बाजूने पुढे गेला. पिवळीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"पहिल्या किल्लीला सुरू झाली ना?"

ओलोफ आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काहीही नव्हतं. मग राग्नवाल्ड वळला, "हां, मरिट, फार दुखतंय का?" तोवर उशीर झाला होता. मरिट त्याच्याकडे बघत होती. ती नजर मी ओळखते. माझ्या तोंडावर ती बरीच वर्षं होती.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अहवाल लिहायला बसले. "हिरवी घ्यावी" असं लिहिलं. कारणंही चांगली सुचली — रुंद पट्टा, खोल बर्फात भरवशाची, साधं इंजिन. त्यातलं एकही खोटं नाही. शिवाय राग्नवाल्डचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर आला आणि जिवाला फार गार वाटलं.

मग त्या उणे एकतीसच्या सकाळी हिरवीला किती किल्ल्या लागल्या ते आठवलं. तीन. आणि परवा हात हिरवीच्या किल्लीवर गेला असता तर? पुढच्या वेळी पडलेला माणूस मला आवडणारा असेल की नावडता, ते गाडीला काय माहीत?

फाडला. फार वाईट वाटलं. चांगला जमला होता.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मीटिंग. उभी राहिले आणि एका दमात वाचलं. भरवसा: पिवळी. हाताळणी: पिवळी. जंगलवाट: पिवळी. रुग्णाची सोय: पिवळी. खोल बर्फ: हिरवी, थोड्या फरकाने. काळी: हेल्गेला विचारा.

हेल्गेने अजून दुखणारी कंबर दाबून दाखवली. मग मतदान, सगळे हात वर.

राग्नवाल्ड मागच्या बाकावरून उठला. फुगून एवढा झाला होता! म्हणाला, "तोरबोर्ग, हे मी दुकानाच्या काचेवर लावू? 'माझ्या आधीच्या बायकोलासुद्धा...'"

"लाव की," मी म्हटलं. "पण खाली हेही लिही, की यात गाडीबद्दल लिहिलंय, दुकानदाराबद्दल एक अक्षर नाही."

सगळ्यात जोरात टाळ्या ओलोफच्या. घरी आले, आणि पहिल्यांदाच वाटलं की हेल्गे म्हणाला ते खरं असावं. मी निःपक्षपाती आहे! मेहनत मात्र फार पडते.

३ मार्च, मंगळवार

दुपारी दारात टॅक्सी. मरिट. पाय प्लास्टरमध्ये, दोन कुबड्या, दोन बॅगा.

"सोडलं त्याला," म्हणाली. "आणि गावात दुसरं कुणाचं दार वाजवावं कळेना."

थंडी आत यायला लागली तशी बॅगा उचलल्या. जिना चढता येत नाही तिला, म्हणून माझी खालची खोली दिली.

"टपालपेटीवर तुझं नाव लावणार नाही," मी म्हटलं. आणि मग, का कोण जाणे, "एवढ्यात तरी नाही."