मिठागरांचे भाषण

ठाणे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०२

तीर्थरूप बाबांचे चरणी बालके त्र्यंबकाचे साष्टांग दंडवत.

माझी प्रकृती ठीक आहे, जेवण वेळेवर मिळते. आईचा खोकला उतरला का?

रावसाहेबांची भाषणे लिहिण्याचे काम मी सोडले. आता नाटक मंडळीसाठी फार्स लिहितो. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो. लोक पोट धरून हसतात.

सरकारने बंद केलेल्या मिठागरांविषयी मी रावसाहेबांना लिहून दिलेले भाषण वाचून आपण डोळे पुसले होते. तेच काल विदूषकाच्या तोंडी घातले. एक अक्षर बदलावे लागले नाही. सारा मांडव हसला.

खेळ संपल्यावर बाळकुमचा काळुराम भेटला. त्याचेही मिठागर गेले. रावसाहेबांनी ते भाषण केले त्या सभेत सरकारला धाडायच्या अर्जावर त्याने सहीऐवजी नांगराची निशाणी काढली होती. हात जोडून म्हणाला, "दादा, आमचा अर्ज अजून चाललाय, बरा वाटला. सायेब जबाब कवा देतील?"

मी म्हणालो, "लवकरच."

बाबा, रागावलात तरी चालेल, पण या पत्राला उत्तर धाडा.

आपला आज्ञाधारक,
त्र्यंबक