मांजरं हाकायचं काम

आदरणीय धम्मरत्न भाऊजी यांना मारेगावहून नलूचा सविनय जय भीम.

इकडे सगळे मजेत. तुमच्या गुडघ्यांची खबर ताईकडून मिळते (ती तुमच्यापेक्षा गुडघ्यांबद्दलच जास्त बोलते). फोन करणार होते, पण इंग्रजीचे मास्तर असून तुम्ही माझी मराठीच सुधारत बसता, म्हणून पत्र.

तर आमच्या बचत गटाला डाळमिल मंजूर झाली. सगळ्यांच्या सह्या घ्यायला शहरातून एक मॅडम आल्या. इकडे वच्छलाबाई चहा ठेवायला गेल्या, प्रेरणा रेंज शोधत रस्त्यावर, वैष्णवीला ऐन वेळी शेळी आठवली. एक बसली की दुसरी उठे. मॅडम हसून म्हणाल्या, "तुम्हाला एकत्र बसवणं म्हणजे हर्डिंग कॅट्स!" बाकी काही कळो न कळो, कॅट आमच्या गटात सगळ्यांना येतं. वच्छलाबाईंनी कप आपटला. "आमाले मांजर म्हन्ते काय वो हे? ठेवा तुमची मिल!" आणि भाऊजी, जी सभा काही केल्या जमत नव्हती, ती एकजुटीनं उठून गेली.

मॅडम रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, शिवी नाही हो ती. मांजरं जशी एका वाटेनं हाकता येत नाहीत, तशी ज्याची त्याची मर्जी असलेली माणसं सांभाळायचं अवघड काम, एवढाच अर्थ. पण आज सह्या झाल्या नाहीत तर मिल राजूरच्या गटाला जाणार. मग काय, मीच निघाले. वच्छलाबाईंना आणलं तर वैष्णवी वावरात, वैष्णवीला आणलं तर तिला शोधायला वच्छलाबाई वावरात! (अर्थ मला तिथेच पक्का समजला.)

शेवटी चौकात उभी राहून ओरडले, "अवो बायांनो, मेंढरं कोनीबी हाकते. मांजराले हाकून दाखवा बरं! मॅडमनं मान देल्ला तुमाले, अन् तुमी रुसून राह्यल्या!"

वच्छलाबाई जराशा थांबल्या. "मंग असं फोडून सांगाव ना, वो बाई!" सगळ्या परत आल्या, सह्या झाल्या, मिल बसली. चाचणीलाच डाळ अशी पिवळीधमक निघाली, की बघत राहावं. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची मेहुणी,
नलू

ता.क. मानाचा हा अर्थ आमच्या भाऊजींनी सांगितला, असं मी तिथे बोलून गेले. त्यामुळे रविवारी मिलच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे तुम्हीच. भाषण त्याच अर्थावर करायचं आहे.

ता.क. दुसरा: मॅडमही येणार आहेत, आणि खरा अर्थ नीट समजावून माफी मागणार आहेत म्हणे. तेव्हा तुम्ही त्यांच्याआधी बोला, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत भाषण थांबवू नका. ताई म्हणाली, हे काम काही तुम्हाला अवघड नाही.