डावी कात्री, उजवी कात्री

३ नोव्हेंबर
बाबांची जुनी गाडी मी स्वतः दुरुस्त करणार. इंजिनचं नंतर बघू, आधी पत्रा. गॅरेजवाल्याकडे देणार नाही. ती माणसं ओरिजिनल पार्ट काढून घेतात आणि वर चहा पाजतात. बाबा वरच्या मजल्यावर असतात, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाहीत. गाडी झाली की आपोआप उतरतील. तसं त्यांना सांगितलं. "बरं" म्हणाले. आनंदाने शब्द फुटेना.

५ नोव्हेंबर
हत्यारांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, एक हातोडा, पत्र्यामागे धरायला लोखंडी ठोकळा आणि दोन कात्र्या घ्या, पुरे. दोन कशाला? तर म्हणे लाल मुठीची डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. मी काय काल जन्मलो? जोडीने माल खपवायचा धंदा. फक्त लाल घेतली. पण इतक्या थोडक्यात सोडतोय म्हणजे चांगलं सामान आत लपवलेलं असणार. खोदून विचारल्यावर पत्र्याला गोलाई देणारं मशीन निघालंच. "तुम्हाला लागणार नाही," म्हणत होता. दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेलं. घेतलंच.

६ नोव्हेंबर
बायको फोनवर हळू बोलत होती. मी दिसताच फोन ठेवला. विचारलं तर म्हणे, भावजींचा होता. माझ्या धाकट्या भावाला मला सोडून हिला फोन करायचं कारण काय?

९ नोव्हेंबर
धाकटा गाडीच्या शेडमध्ये सापडला. हातात टेप. मला पाहून टेप खिशात. म्हणाला, सहजच. सहज कोण टेप घेऊन फिरतं? गाडीची लांबी मोजत होता, ट्रकवर चढवून न्यायला. शेडला नवं कुलूप. किल्ली गळ्यात.

११ नोव्हेंबर, सकाळ
गाडीच्या दाराच्या तळाशी असलेल्या गंजावर हातोडा हळूच मारला. भोक पडलं. कड साफ करायला आणखी मारला. आता हात आरपार जातो. बरंच झालं, रोग मुळापासून कळला.

दुपार
ठिगळ कापायला घेतलं. लाल कात्री उजवीकडे वळेना. दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला.

१२ नोव्हेंबर
पत्रा उलटा धरून कापला. ठिगळ सुरेख झालं. फक्त ते पलीकडच्या दाराला बसतं. त्या दाराला भोक नाही. सध्या.

१५ नोव्हेंबर
मशीन चालवलं. पत्र्याची परात झाली. बायकोने विचारलं, कुंडीखाली ठेवू का? माझ्या ठोकण्याने बाबांना बरं वाटत असणार. कानात कापूस होता त्यांच्या. सर्दी असावी.

१८ नोव्हेंबर
हिरवी कात्री आणली. दुकानदार हसला नाही. हे जास्त संशयास्पद.

१९ नोव्हेंबर
बायको आणि धाकटा बाबांच्या खोलीत, दार लोटलेलं. जिन्यात उभा राहून ऐकलं. धाकटा म्हणत होता, दादाला सांगणार कोण? तसाच आत शिरलो. माझ्या पाठीमागे गाडी विकताय ना, विचारलं.
बाबा म्हणाले, "भंगारात द्यायचीय. मीच सांगितलं त्यांना. मला खाली राहायचंय रे. अंगण बघून वर्ष झालं. शेडची खोली होईल माझी. तू इतका रमलास की कुणाची जीभ उचलेना."
धाकट्याची मापं पलंगाची होती.
गळ्यातली किल्ली काढून बाबांच्या हातात ठेवली.

२४ नोव्हेंबर
भंगारवाला गाडी घेऊन गेला. दार बघून म्हणाला, अपघात झाला होता का? हो म्हटलं.
धाकट्याने आणि मी बाबांना खुर्चीत बसवून जिना उतरवला. अंगणात उन्हाकडे तोंड करून बराच वेळ बसले. उद्या गवंडी येतो. मी जाहीर केलं, बाबांच्या खिडकीवर ऊन अडवायला पत्रा मीच वळवून बसवणार, हत्यारं आहेतच. बायकोने धाकट्याकडे पाहिलं.
बाबा म्हणाले, "खिडकी नसली तरी चालेल मला."