चाईवर आलेली लव

नाशिक रोड,
रविवार दुपार

प्रिय तेजल,

हे फोनवर सांगितलं असतं, तर तू मध्येच विषय बदलला असतास. म्हणून लिहितेय.

माझं इसब तुला ठाऊकच आहे. लहानपणी दोघी शेजारी बसून कोपरं खाजवायचो आणि आईचा ओरडा खायचो. फेब्रुवारीपासून मला त्यावर नवं इंजेक्शन सुरू झालंय, दर पंधरा दिवसांनी पोटाला टोचायचं. महिना-दीड महिन्यात खाज उतरली. पण खरी गंमत पुढेच आहे. गेल्या वर्षी माझ्या कानामागे चाई पडली होती, केस जाऊन रुपयाएवढं गुळगुळीत टक्कल. ती मी कुणालाच सांगितली नव्हती, तुलाही नाही. पाचव्या इंजेक्शननंतर तिथे बोटाला काहीतरी मऊ लागलं. तुझ्या भाच्याने, अश्विनने, मोबाइलवर फोटो काढून दाखवला, तर बारीक पांढरी लव! पुढे ती काळी होत गेली. मी पडले विज्ञानाची बाई, मला चैन पडेना. औषध कातडीचं, मग केस का यावेत?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चाईत शरीराचे राखणदारच, म्हणजे रोगांशी लढणाऱ्या पेशी, चुकून केसांच्या मुळांवर तुटून पडतात, आणि इसबातही त्यांचाच गोंधळ असतो. या औषधाने तो निवळला की काहींचे केस परत येतात. उलट, हेच औषध घेताना काहींना नव्याने चाई पडल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय कधीकधी चाई आपोआपच भरते. मग माझी कशाने भरली? ते हसले. तुमच्या एकटीवरून नाही सांगता येणार, म्हणाले.

निघताना त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला चाई आहे का. मी सवयीने नाही म्हणाले. जिन्यापर्यंत गेले आणि पाऊल पुढे पडेना. परत आत जाऊन सांगितलं, "आहे. माझ्या धाकट्या बहिणीला. तिचे सगळेच केस गेलेत, भुवयासुद्धा."

तेजल, तुझे केस गळायला लागले तेव्हा विंचूरला तुझ्या सासूबाईंसमोर मी म्हणाले होते, "फार विचार करते ही, स्वतःच ओढवून घेतलंय." त्यानंतर तू कधी माझ्याकडे राहायला आली नाहीस, आणि का, ते मी विचारलंही नाही. तू काहीही ओढवून घेतलं नव्हतंस. हे औषध तुझ्या कामाचं आहे की नाही, ते डॉक्टर तुला तपासूनच सांगतील. दाखवायचं नसेल तर नको दाखवूस, पण ये. तुझी माफी मला समोर बसून मागायची आहे.

तुझीच,
संजूताई